बालाघाट : वरचा देश आणि खालची माणसे

(सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



आश्विनातील कोजागिरी पौर्णिमा जवळ आली की सोलापूरचे रूप पालटते. शहरातून आणि आसपासच्या खेड्यांतून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही हजारो स्त्री-पुरुष आई तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी निघतात. तुळजापूरचा रस्ता वाहनांसाठी बंद केला जातो. कोणी अनवाणी चालतो, कोणी कडेवर लेकरू घेऊन. अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांचे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, तर तुळजापूर साधारण साडेसहाशे मीटरवर. रात्रभर चालून थकलेल्या पायांना अखेरीस चढ लागतो आणि 'घाट आला' हे शब्द रांगेतून पुढे सरकतात.

हा घाट कोणत्या डोंगराचा, असे विचारले तर शाळेत गेलेला कोणीही उत्तर देईल, 'बालाघाटचा'. सह्याद्रीच्या तीन उपरांगा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने पाठ केलेल्या असतात : सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट आणि शंभू-महादेव. परंतु बालाघाट म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न विचारला की बहुतेक जण थबकतात. बाल म्हणजे लहान, म्हणून लहान घाट, अशी फोड कोणी करतो. कोणाला त्यात बाळ दिसते, कोणाला बालाजी. जे नाव पिढ्यान्‌पिढ्या तोंडात आहे त्याचा अर्थच विसरला जावा, ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. ती तशी नाही. या नावाच्या अर्थात सोलापूरचे स्वतःचे स्थान दडलेले आहे.

शब्दाची घडण

'बाला' हा फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ 'वरचा', 'उंचावरचा'. मराठी माणसाला तो अपरिचित नाही. राजगडाचा बालेकिल्ला ज्याने पाहिला आहे त्याला तो सहज कळेल. गडाच्या माच्यांहून उंच, सर्वांत वरचा किल्ला तो बालेकिल्ला. उत्तरेत दुधावरच्या सायीला बालाई म्हणतात, तीही वर येते म्हणूनच. दुसरा शब्द 'घाट'. संस्कृत 'घट्ट'पासून आलेला हा शब्द आपल्या भाषेत फार राबलेला आहे. पंढरपुरात घाटावर गेला म्हणजे माणूस चंद्रभागेच्या पायऱ्यांवर गेला. बार्शी-तुळजापूरकडे घाट म्हणजे डोंगर चढून जाण्याची वाट. दोन्हींचे मर्म एकच : एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी जागा.

बालाघाट म्हणजे घाटांच्या वरचा मुलूख. याचा जोडशब्दही होता, तो 'पाईनघाट', म्हणजे घाटांच्या खालचा मुलूख. बाला आणि पाईन, वर आणि खाली. ही जोडी एकत्र ठेवली की नाव स्पष्ट होते. मूळ नाव डोंगराचे नव्हते, देशाचे होते.

मोगल कारभारात हे दोन्ही शब्द नित्याचे होते. बऱ्हाणपुराहून दक्षिणेकडे निघालेल्या सैन्याला अजिंठ्याचे डोंगर चढावे लागत. चढापूर्वीचा खानदेश-वऱ्हाडचा सखल भाग पाईनघाट, आणि चढून गेल्यावर लागणारा दौलताबाद-अहमदनगरकडचा भाग बालाघाट. वऱ्हाडातही पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट प्रदेश पाईनघाट आणि बुलढाणा-वाशीमकडचे पठार बालाघाट, अशी विभागणी होती. दूर दक्षिणेत बेंगळूर-शिऱ्याच्या बाजूला कर्नाटक बालाघाट म्हणत, आणि अर्काटच्या सखल मुलुखाला कर्नाटक पाईनघाट. मध्य प्रदेशात तर या नावाचा जिल्हाच आहे. याचा अर्थ असा की बालाघाट हे एकाच ठिकाणाला चिकटलेले विशेषनाम नव्हते. जेथे जेथे खालून वर जावे लागे, तेथे तेथे वरच्या देशाला ते लागू होत असे. त्यांपैकी आपल्या शेजारचा बालाघाट मात्र नकाशावर कायमचा उमटला. हरिश्चंद्रगडापासून आग्नेयेकडे निघून अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांतून आणि बार्शी तालुक्याच्या कडेने जाणारा तो हा डोंगराळ प्रदेश.

नाव कोणी ठेवले?

मराठी मुलुखांच्या नावांकडे पाहिले तर प्रत्येक नाव ठेवणाऱ्याची जागा सांगते. गोदावरीच्या काठची ती गंगथडी. भीमेच्या काठची ती भीमथडी, जिची तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजली. माण नदीचा तो माणदेश. आपल्या जिल्ह्यातील सांगोले तालुका त्यातच मोडतो. ही नावे नदीकाठी राहणाऱ्यांनी आपल्या नदीवरून घेतलेली आहेत. बालाघाट हे नाव तसे नाही. जो स्वतः वर राहतो, तो आपल्या घराला 'वरचा' म्हणत नाही. त्याला तो केवळ आपला गाव, आपले रान. 'वरचा देश' हे नाव पायथ्याशी उभे राहून वर पाहणाऱ्याच्या तोंडचे आहे.

याचाच दुसरा नमुना कोकणात सापडतो. कोकणातला माणूस सह्याद्री चढून आला की 'देशावर' आला असे म्हणतो, 'देशात' आला असे म्हणत नाही. त्या एका 'वर' प्रत्ययात अख्खा सह्याद्री उभा आहे. मुंबईत पोटासाठी गेलेल्या घाटावरच्या माणसाला मात्र 'घाटी' म्हणून हिणवले गेले. तेथे उंचीचा शब्द कमीपणाचा झाला. नावात केवळ भूगोल नसतो. खालच्याने वरच्याकडे, आणि वरच्याने खालच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले तेही त्यात उतरते.

सोलापूर बालाघाटच्या खाली आहे. म्हणजे बालाघाट हे नाव आपल्याच बाजूने उच्चारलेले आहे. ज्याने शेजाऱ्याला नावाने हाक मारली, त्याने ओ आल्यावर काय बोलायचे हेही जाणले पाहिजे.

देशाचा डोंगर कसा झाला?

इंग्रजी अमदानीत मुलखाची शास्त्रशुद्ध मोजणी झाली. नकाशे झाले, डोंगररांगांना नावे देऊन ती छापली गेली. ते काम मोलाचे होते यात शंका नाही. परंतु त्या नकाशात बालाघाट हा शब्द शिखरांच्या रांगेवर, तिरक्या ठळक अक्षरांत जाऊन बसला आणि पुढे शाळेच्या पुस्तकातही तसाच आला. देशाचे नाव डोंगराचे झाले. देश म्हटले की गावे, शेते, बाजार, यात्रा आणि माणसे डोळ्यांपुढे येतात. डोंगररांग म्हटले की दगड आणि समोच्च रेषा. पाईनघाट तर बोलीतून पुसलाच गेला. जोडीतला एक शब्द गेला की दुसऱ्याचा अर्थ उभा राहत नाही, म्हणून बालाघाटही मुका झाला. आज तो हवामानाच्या बातमीत भेटतो, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत भेटतो, एखाद्या संस्थेच्या फलकावर भेटतो. तुळजापूर-नळदुर्ग भागातील एका शिक्षणसंस्थेने हे नाव धारण केले आहे, ही समाधानाची गोष्ट. पण दैनंदिन बोलण्यात त्याची जागा जिल्ह्यांच्या नावांनी घेतली आहे.

सोलापूरच्या बोलीत तर या प्रदेशाला आणखी एक नाव होते, 'मोगलाई'. सोलापूर-बार्शीवर इंग्रजांचे राज्य आणि डोंगरावर निजामाचे. तुळजापूर, धाराशिव, अंबाजोगाई, बीड हे सारे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. देवीच्या दर्शनाला निघालेला सोलापूरकर एक राज्य ओलांडून दुसऱ्या राज्यात जात असे. 'मोगलाईतली सोयरीक', 'मोगलाईतला माल' असे शब्द वृद्धांच्या तोंडी परवापरवापर्यंत होते. भूगोलाचे नाव मागे पडले आणि सत्तेचे नाव पुढे आले.

ही सीमा माणसांनी मात्र पूर्णपणे कधीच मानली नाही. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अवघ्या अडीच फुटी रुळांवरून धावणारी ही गाडी प्रथम कुर्डुवाडीजवळच्या मुख्य लोहमार्गापासून बार्शी गावापर्यंत आली, १९०६ साली पंढरपूरला पोहोचली आणि १९११ साली निजामी मुलुखातून लातूरपर्यंत गेली. वरच्या देशाचे धान्य आणि कापूस बार्शीच्या पेठेत उतरू लागला, वरचे वारकरी त्याच गाडीने पांडुरंगाकडे जाऊ लागले.

हैदराबादच्या मुक्तीसाठी सोलापूरने काय केले, हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. निजामी राजवटीत धर्माचरणावर येणाऱ्या बंधनांविरुद्ध सत्याग्रहाची घोषणा करणारी आर्य परिषद डिसेंबर १९३८ मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरली. स्वामी रामानंद तीर्थ यांचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले, आणि त्यांचे शिक्षककार्य घडले ते हिप्परग्याला व अंबाजोगाईला. म्हणजे खाली शिकलेला तरुण वर जाऊन शिकवू लागला आणि त्यातून एका लढ्याचे नेतृत्व उभे राहिले. १९४७-४८ मध्ये सीमेलगत मुक्तिसैनिकांची शिबिरे होती, डोंगर उतरून आलेल्या निर्वासितांना खालच्या गावांनी आसरा दिला. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने मराठवाडा आणि सोलापूर एका राज्यात आले. सीमा गेली. पण सीमेबरोबर एकमेकांची विचारपूसही ओसरली की काय, असे वाटण्याजोगी स्थिती आहे.

वरचे पाणी, खालचा पूर

बालाघाट हा दोन महानद्यांमधला जलविभाजक आहे. त्याच्या उत्तर उतारावरच्या सिंदफणा आणि बिंदुसरा गोदावरीच्या कुटुंबातल्या. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा आणि तिला मिळणारी तेरणा याही अखेर गोदावरीकडेच जातात. दक्षिणेकडचे पाणी मात्र आपल्याकडे येते. भोगावती बार्शी-मोहोळ तालुक्यांतून वाहत सीनेला मिळते. नळदुर्गच्या किल्ल्याला कवेत घेणारी बोरी अक्कलकोट तालुक्यात उतरते. कुरनूरचे धरण तिच्यावरच आहे. अहिल्यानगरजवळ उगम पावलेली सीना बालाघाटच्या कुशीतले ओढे-नाले गोळा करीत करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतून दक्षिण सोलापुरात येते आणि हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. त्या संगमावरच्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. मराठीच्या आद्य शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. बालाघाटचे पाणी ज्या घाटाच्या पायऱ्यांना लागते, तेथे आपल्या भाषेची फार जुनी अक्षरे कोरलेली आहेत. आणि डोंगरावर अंबाजोगाईला 'विवेकसिंधु'कर्त्या मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची कर्मभूमीही तीच. पाण्याबरोबर भाषाही वरून खाली आणि खालून वर वाहत राहिली.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेने वेगळे रूप दाखविले. वर अहिल्यानगर, बीड, धाराशिव जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली आणि खाली करमाळा, माढा, मोहोळच्या काठावरची गावे पाण्यात गेली. जनावरे दगावली, उभी पिके मातीसकट वाहून गेली, महामार्ग अडला. एरवी जी नदी उन्हाळ्यात कोरडी म्हणून ओळखली जाते, तिने गावे रिकामी करायला लावली. अनेकांनी विचारले, आपल्याकडे तर एवढा पाऊस नव्हता, मग पाणी आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या नावात होते. वर एक देश आहे, आणि आपण त्याच्या खाली आहोत. तेथे माळ उघडा पडला, ओढे बुजले, बांध फुटले की त्याचा हिशेब खाली चुकवावा लागतो. तेथे पाणी अडले, माती धरली गेली की खालचा पूरही सौम्य होतो आणि खालची विहीरही टिकते. पाईनघाटाने बालाघाटाचे नाव विसरणे परवडणारे नाही.

कोयता घेऊन उतरणारा शेजारी

पाण्यासारखीच माणसेही दरवर्षी डोंगर उतरतात. दसरा-दिवाळी झाली की बीड-धाराशिवच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. त्यांतल्या कितीतरी सोलापूर जिल्ह्यातील कारखान्यांवर येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फडात राबायचे, पाचटाच्या कोपीत राहायचे, पहाटेच्या अंधारात मोळ्या बांधायच्या. जोडीला शाळेतून काढून आणलेली मुले. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहे निघाली, त्यांतून काही मुले शिकलीही. पण फडावरून फडावर हिंडणारी मुले आजही दिसतात.

या माणसांना आपण काय म्हणतो? 'बीडची टोळी'. टोळीला गाव नसते, देव नसतो, आडनाव नसते. वास्तविक हीच माणसे ज्या देशातून येतात तेथे आपली कुलस्वामिनी आहे. चैत्रात, आश्विनात आपण त्यांच्याकडे वर जातो तेव्हा यात्रेकरू असतो, आणि मार्गशीर्षात तेच आपल्याकडे खाली येतात तेव्हा मजूर असतात. जाताना ज्या देशाला आपण हात जोडतो, त्याच देशाचा माणूस आपल्या शिवारात आल्यावर त्याच्या मुलांसाठी पिण्याचे स्वच्छ पाणी आणि जवळच्या शाळेत बसायला जागा एवढे तरी आपण पाहतो का? समाज एकसंध असावा असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न प्रथम स्वतःच्या गावच्या शिवारात विचारावा.

परका शब्द, आपले नाव

येथे एक शंका रास्तपणे येईल. 'बाला' हा फारसी शब्द आहे, तर हे नाव का जपायचे? शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली आणि महापौर, दिग्दर्शक यांसारखे शब्द मराठीत रुजविले. ती परंपरा अभिमानाची आहे. परंतु तिचा विवेकही समजून घेतला पाहिजे. एखाद्या राज्यकर्त्याने आपले नाव गावावर चढविणे ही एक गोष्ट. सातव्या निजामाच्या नावाचे उस्मानाबाद २०२३ साली पुन्हा धाराशिव झाले, ते या कारणाने. लोकभाषेने एखादा शब्द आपल्या घाटात घडवून घेणे ही निराळी गोष्ट. बालाघाट कोणा सुलतानाचे स्मारक नाही. त्यात कोणाचे नाव नाही, केवळ उंची आहे. बालेकिल्ला हा शब्द स्वराज्याच्या गडांवर राहिला, तो परका आहे असे तेथे कोणाला वाटले नाही.

शिवाय भाषाशास्त्र आणखी एक दुवा दाखविते. फारसीतील 'बाला'चे मूळ प्राचीन इराणी भाषेतील उंचीवाचक धातूत आहे. अवेस्तेतील 'बरेझ' तो हाच, आणि संस्कृतातील 'बृहत्' त्याचाच भाऊ. इराणच्या एल्बुर्झ पर्वताच्या नावातही तो आहे. म्हणजे ज्याला परका समजून दाराबाहेर ठेवायचे, तो दूरच्या नात्यातला निघतो. तेव्हा नाव पुसण्यात पुरुषार्थ नाही. ते समजून उच्चारण्यात आहे.

करण्याजोगे

काम अवघड नाही. सोलापूरच्या शाळांनी मुलांना उपरांगांची नावे पाठ करायला लावण्याबरोबर एकदा सीनेच्या काठावर न्यावे आणि हे पाणी कोठून आले ते नकाशावर बोटाने दाखवावे. वरच्या आणि खालच्या गावांनी पावसाळ्यात एकमेकांशी दूरध्वनीवर बोलण्याची पद्धत पाडावी. वरच्या ओढ्याचा आवाज खालच्या सरपंचाला आधी कळला तर जनावरे वाचतील. वरच्या माळावर बांधबंदिस्तीला आणि झाडे लावायला खालच्या तरुणांनी श्रमदानास जावे, कारण तो खालच्याच शेताचा विमा आहे. आणि ऊसतोडीच्या हंगामात गावच्या शाळेने फडावर जाऊन मुलांची नावे लिहून घ्यावीत. त्यांचा गाव कोणता हेही विचारावे, आणि ते मूल आपल्या गावाचे नाव सांगेल तेव्हा ते गाव बालाघाटात कोठे आहे हे वर्गातल्या इतर मुलांना नकाशावर दाखवावे.

पुढच्या कोजागिरीला पुन्हा रांग निघेल. चढ लागेल, कोणीतरी 'घाट आला' म्हणेल. शेजारी चालणाऱ्या लेकराने 'कोणता घाट?' असे विचारले, तर त्याला केवळ नाव सांगून थांबू नये. हा वरचा देश आहे, आपली नदी येथून येते, आपल्या फडात राबणारी माणसे येथली आहेत आणि आपली आईही येथेच राहते, एवढे सांगावे. तेवढे बोलेपर्यंत चढ संपलेला असेल.